पेटीतली माशी आणि रानातली माशी

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस म्हापशाच्या बाजारात ज्यांनी घालविले असतील त्यांना माटोळीचा बाजार म्हणजे काय हे मी सांगावयास नको. पेडण्याच्या सड्यांवरून, डिचोलीच्या डोंगरांतून आणि पार सत्तरीच्या रानांतून बायाबापड्या पहाटेच्या बसने येतात. त्यांच्या टोपल्यांत घागऱ्या असतात, फागली असतात, कवंडळे असतात. आणि आमच्या मुलांना ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशी कितीतरी रानफळे असतात. गणपतीच्या डोक्यावर टांगावयाची ती चौकट या फळांवाचून भरत नाही. आपण भाव करतो, थोडी घासाघीस करतो, आणि ओझे घेऊन घरी जातो.

मी गेली काही वर्षे मधमाश्या पाळतो. अस्नोडा सोडून डिचोलीच्या वाटेला लागले की जे काजूचे डोंगर दिसू लागतात, त्यांतल्याच एका उतारावर माझ्या पेट्या आहेत. मध फार होत नाही, परंतु जो होतो तो मी शुक्रवारच्या बाजारात आणि सणासुदीला म्हापशास आणून विकतो. अशाच एका चतुर्थीच्या बाजारात मी एका गिऱ्हाइकाला मोठ्या अभिमानाने सांगत होतो की, ही समोरची सारी माटोळी आमच्या माश्यांच्या कृपेने पिकली आहे. मधमाशी नसती तर या टोपल्या रिकाम्या राहिल्या असत्या. माझ्या शेजारी पेडण्याकडच्या एक वयस्क बाई घागऱ्यांच्या जुड्या मांडून बसल्या होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "घागऱ्यांवर तुमची माशी नाही हो येत, बाब. तिथे काळा भुंगा येतो."

गिऱ्हाईक निघून गेले. मी मात्र वरमलो. मधमाश्यांची चार पुस्तके मी वाचलेली, प्रशिक्षण घेतलेले. आणि ज्यांनी आयुष्यात एकही पेटी उघडली नाही त्या बाईंना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. पुढल्या पावसाळ्यात मी मुद्दाम घागरीच्या झुडुपाशेजारी बसून पाहिले. घागरीचे फूल पिवळे, वाटाण्याच्या फुलाच्या ठेवणीचे. त्याच्या खालच्या दोन पाकळ्या मिटून त्यांची एक होडी झालेली असते, आणि पुंकेसर त्या होडीत दडलेले असतात. होडी वजनाने दाबली गेली तरच पराग वर येतो. माझी सातेरी माशी आली, फुलाभोवती घुटमळली, आणि निघून गेली. थोड्या वेळाने भुंगा आला. काळाभोर, अंगठ्याच्या पेराएवढा, निळसर झाक असलेल्या पंखांचा. तो धपकन बसला, फूल वाकले, होडी उघडली, आणि त्याच्या पोटाला पराग लागला. संस्कृत कवींनी ज्याला कमळात कोंडून घातले तो भ्रमर हाच असावा, असे मला नेहमी वाटते. मात्र त्याच्याकडून त्यांनी प्रणयाखेरीज दुसरे काम करवून घेतले नाही. वाळल्या शेंगेत बी वाजते म्हणून तिला घागरी म्हणावयाचे, आणि ते बी धरते ते या भुंग्यामुळे.

आज मला आपणांपुढे जो विषय मांडावयाचा आहे तो हा. आम्ही मधपाळ रानातल्या माश्यांकडे, भुंग्यांकडे, एकंदर परागण करणाऱ्या वन्य कीटकांकडे कोणत्या दृष्टीने पाहतो? आणि ती दृष्टी बदलावयास नको काय? मी मधपाळ आहे, तेव्हा जे दोष दाखवीन त्यांतून मी स्वतःला वगळीत नाही.

प्रथम हे सांगितले पाहिजे की 'मधमाशी' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. जगात माश्यांच्या, म्हणजे पराग व मध यांवर जगणाऱ्या माश्यांच्या, सुमारे वीस हजार जाती आहेत. आपल्या देशात सातशेहून अधिक. त्यांपैकी मध साठवून ठेवणाऱ्या जाती बोटांवर मोजण्याइतक्या. उंच झाडावर किंवा कड्यावर एकच भलेमोठे पोळे लोंबकळत ठेवणारी आग्या माशी, झुडुपात हाताएवढे पोळे बांधणारी फुलोरी, झाडाच्या ढोलीत किंवा वारुळात अनेक पोळी लावणारी सातेरी, आणि भिंतीच्या भेगेत राळेची नळी करून राहणारी ती डंख नसलेली चिमुकली काळी माशी. बाकीच्या शेकडो जाती एकट्या राहतात. त्यांना राणी नाही, कामकरी नाहीत, मोहोळ नाही. एकेक मादी स्वतःचे बीळ स्वतः कोरते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडे घालते, दार लिंपते, आणि पुढचे बीळ कोरू लागते. त्यांचा मध कोणी बाटलीत भरीत नाही, म्हणून त्यांचे नावही कोणी ठेवीत नाही.

आता यांचे काम पाहा. आगशीची वांगी गोव्यात कोणास ठाऊक नाहीत? वांग्याच्या फुलात पुंकेसर नळीसारखे असतात आणि त्यांच्या टोकाला सुईच्या नेढ्यासारखे छिद्र असते. त्या छिद्रातून पराग पडावयाचा तर कोणीतरी फूल धरून हलवले पाहिजे. निळ्या पट्ट्यांची एक रानमाशी असते; ती फुलाला लटकते आणि पंख न हलविता आपले उडण्याचे स्नायू असे थरारवते की दोन हातांवरून गुंजन ऐकू येते आणि पराग पिठासारखा खाली पडतो. भुंगाही हीच विद्या जाणतो. पेटीतली माशी जाणत नाही. वांग्याच्या मळ्यात शंभर पेट्या ठेवल्या तरी तिला ही विद्या यावयाची नाही. वांगे काही अंशी स्वतःच्या परागाने आणि वाऱ्याच्या हेलकाव्यानेही धरते हे खरे. परंतु माशीने हलविलेल्या फुलाचे फळ अधिक भरदार होते. फागल्याची गोष्ट याहून वेगळी. त्याचा नर वेल निराळा, मादी वेल निराळा, आणि फूल उमलते संध्याकाळी, माझ्या माश्या पेटीत परतल्यावर. तेथे रात्रीचे पतंग काम करतात. ज्यांनी फागली मुद्दाम परसात लावली त्यांना ठाऊक आहे की पतंग पुरेसे नसले तर नर फूल तोडून हाताने मादी फुलाला लावावे लागते. तेव्हा त्या दिवशी बाजारात मी ज्या टोपल्यांकडे बोट दाखवून फुशारकी मारीत होतो, त्यांतल्या पुष्कळशा फळांशी माझ्या पेट्यांचा काही संबंध नव्हता.

काजूच्या बाबतीत मात्र सातेरीला तिचे श्रेय दिले पाहिजे. काजूचा पराग चिकट. वाऱ्याने तो फारसा उडत नाही. एकाच मोहोरात नर फुले पुष्कळ आणि फळ धरू शकणारी द्विलिंगी फुले त्या मानाने थोडी, तेव्हा पाहुण्याची गरज मोठी. सातेरी तेथे येते, मुंग्या येतात, माशा येतात. आणि सकाळच्या उन्हात नीट पाहिले तर तांदळाच्या दाण्याएवढ्या काळसर रानमाश्याही दिसतात. या सर्वांच्या येण्याजाण्यावर बोंडू, बी, हुर्राक आणि फेणी उभी आहे.

२०१३ साली अर्जेंटिनाचे लुकास गारिबाल्दी आणि त्यांचे अनेक देशांतील सहकारी यांनी जगभरच्या ४१ पीकपद्धतींचा एक अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाळीव मधमाश्या भरपूर असोत वा नसोत, रानातले कीटक फुलांवर आले की फळधारणा वाढते, असे त्यांना आढळले. पाळीव माश्यांच्या येण्याने फळधारणा स्पष्टपणे वाढली ती फारच थोड्या ठिकाणी. म्हणजे पाळीव माशी ही रानमाशीच्या कामात भर घालते. तिची जागा घेत नाही. मधपाळाला हे ऐकावयास गोड वाटत नाही. मलाही वाटले नव्हते.

परंतु यापुढे जे सांगावयाचे आहे ते आपल्या देशापुरते, विशेषतः आपल्या कोकण-गोव्यापुरते आहे. युरोपातला मधपाळ जी माशी पाळतो ती त्याची, गायीबैलांसारखी, कित्येक शतकांची पाळलेली माशी आहे. तेथे शहरोशहरी गच्चीवर पेट्या ठेवण्याची हौस एवढी बोकाळली की लंडनच्या सुप्रसिद्ध क्यू उद्यानाच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली इशारा दिला : पेट्या वाढल्या, फुले तेवढीच राहिली, आणि उपाशी राहतात त्या रानमाश्या. आपल्याकडे प्रश्न याच रूपात येत नाही. आपली सातेरी मुळातच रानची आहे. फादर न्यूटन नावाच्या जेझुइट पाद्र्यांनी गेल्या शतकाच्या आरंभी तिरुचिरापल्लीकडे तिच्या मापाची पेटी तयार केली. तीच न्यूटन पेटी दक्षिणेत अजून चालते. महाबळेश्वरला १९४६ पासून मधमाशीपालनाचे सरकारी कार्य सुरू झाले, पुण्यास १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली, आणि मे २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर हे 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. हा सगळा इतिहास अभिमानाचा आहे, आणि त्यातला मोठा वाटा सातेरीचा आहे. परंतु या सगळ्या पेट्यांत माशी आली कोठून? कारखान्यातून नव्हे. ढोलीतून आली, वारुळातून आली, कड्याच्या कपारीतून आली. कोणीतरी रानात जाऊन तिचे घर फोडले आणि तिला पेटीत घातले. आज आपल्याकडे नव्याने सुरुवात करणारा मधपाळ बहुधा हेच करतो.

मीही हेच केले. ती हकीकत सांगतो.

आमच्या डोंगराच्या पायथ्याशी एक जुने वारूळ होते. गोव्यात त्याला रोयण म्हणतात, आणि गावोगाव ज्या सातेरीची देवळे आहेत ती देवी मूळची याच रोयणीच्या रूपात पूजिली जाते, हे श्रोत्यांना ठाऊक आहेच. योगायोग असा की जी माशी रिकाम्या वारुळात आनंदाने घर करते तिचेही नाव सातेरी. घाटावरची काही मंडळी सांगतात की सात पोळी लावते म्हणून ती सातेरी. मी या व्युत्पत्तीच्या वादात पडत नाही. परंतु आमच्या गावच्या एका म्हाताऱ्याला या बाबतीत शंका नव्हती. मी कुदळ घेऊन त्या वारुळाशी गेलो तेव्हा तो गुरे राखीत जवळच बसला होता. म्हणाला, "पुता, हे घर तुझे नव्हे." मी म्हणालो, "आबा, मी मारीत नाही हो त्यांना. पेटीत ठेवतो. सुखात राहतील." तो म्हणाला, "माडीवर ठेवलास म्हणून पाहुणा घरचा होत नाही," आणि आपल्या गुरांच्या मागे निघून गेला.

मी वारूळ फोडले. पोळी कापून केळीच्या सोपटाने चौकटींना बांधली, राणी शोधली, दिवेलागणीला पेटी बंद करून घरी आणली. त्या हंगामात त्या पेटीने पाच किलोच्या आसपास मध दिला. मृग लागला, पाऊस कोसळू लागला, फुले संपली. मी साखरेचा पाक द्यावयास चार दिवस उशीर केला, तेवढ्यात मेणकिड्याने पोळ्यांत जाळी विणली, आणि एका उघडिपीच्या सकाळी वसाहत उडून गेली. कोठे गेली ते कळले नाही. परत वारुळात गेली नाही एवढे खरे, कारण वारूळ मी फोडलेले होते. पुढच्या वर्षी ती पेटी भरण्यासाठी मी दुसऱ्या रानात गेलो.

श्रोतेहो, माझी गोष्ट अपवादात्मक नाही. उडालेली पेटी पुन्हा रानातून भरावयाची हा आमच्या धंद्यातला नित्याचा व्यवहार आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१७ साली 'हनी मिशन' सुरू केले. त्यानंतर केंद्र सरकारने राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. योजना चांगल्या आहेत, आणि गरीब शेतकऱ्याच्या घरी चार पैसे जावेत याला कोण नको म्हणेल? परंतु योजनेत मोजल्या जातात त्या पेट्या. पेटी वाटली की आकडा वाढला. ती भरण्यासाठी रानातली किती घरे रिकामी झाली, हा आकडा कोणाच्या वहीत नसतो. आमच्याही नसतो.

यात धोका काय, असे कोणी विचारील. रान मोठे आहे, माश्या पुष्कळ आहेत. त्याला उत्तर म्हणून १९९१-९२ ची आठवण पुरे. त्या साली कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूत सातेरीवर एका विषाणूचा रोग आला. अळी कोशात जाण्यापूर्वीच पाण्याच्या पिशवीसारखी होऊन मरावयाची. अनेक भागांत दहांतल्या नऊ पेट्या ओस पडल्या. त्यावर औषध नव्हते, आजही नाही. पिढ्यान्‌पिढ्या मध काढणाऱ्या घरांनी पेट्या माळ्यावर टाकल्या. मग हा धंदा पुन्हा उभा राहिला तो कशाने? रानात आणि क्वचित पेट्यांत ज्या थोड्या वसाहती रोगाला पुरून उरल्या, त्यांच्याच वंशाने. निसर्गाने जी निवड केली ती कोणत्याही प्रयोगशाळेला करता आली नसती. रानातली वसाहत ही आमची ठेव आहे. पेटी बुडाली तर आम्ही तिच्याकडेच जाणार. आणि आम्ही तर दरवर्षी त्या ठेवीतून उचल करीत आलो, भरणा मात्र एकदाही केला नाही.

मध्यंतरी आमच्या भागातल्या मधपाळांच्या एका लहानशा बैठकीत मी हा विषय काढला. पंधरा-वीस मंडळी होती. मला वाटले होते, वाद होईल. झाला तो वेगळाच. एक गृहस्थ म्हणाले, "आपण पेट्या ठेवतो हेच तर संरक्षण. आणखी काय करावयाचे?" दुसरे म्हणाले, रानातल्या माश्या हे वनखात्याचे काम. एका तरुणाने प्रामाणिकपणे सांगितले की भुंगा हा मधमाशीचा जातभाई आहे हे त्याला आजच कळले. घराच्या वाशात भोके पाडतो म्हणून तो आजवर त्याला झाडूने मारीत असे. आग्या माशीविषयी बोलणे निघाले तेव्हा मात्र सर्वांचे एकमत झाले : ती वाईट, ती चावते, घरावर बसली तर औषध फवारणाऱ्याला बोलवावे. पुण्यात अमित गोडसे यांच्यासारखे लोक अशी पोळी न मारता हलविण्याचे काम करतात असे मी सांगितले, तेव्हा, "पुण्यातले लोक काहीही करतील," एवढाच अभिप्राय मिळाला.

खरा तिढा पडला तो फवारणीवर. काजूला पालवी आणि मोहोर येतो त्या दिवसांत ढेकण्या पडतो आणि बागायतदार औषध मारतो. आमची जुनी मागणी अशी की बागायतदाराने आदल्या दिवशी कळवावे. म्हणजे आम्ही संध्याकाळी पेट्यांची दारे लावू, फार तर पेट्या उचलून दुसरीकडे नेऊ. मागणी रास्त आहे आणि पुष्कळ बागायतदार ती पाळतात. मी एवढेच विचारले की पेटीला दार आहे, ते आपण लावतो. पण त्याच मोहोरावर जी रानमाशी येणार तिचे दार कोण लावील? बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक ज्येष्ठ मधपाळ म्हणाले, "अहो, आपले निभले तरी पुरे."

त्यांना मी दोष देत नाही. परंतु हिशेब असा आहे. सातेरीची राणी भरात असताना दिवसाला शेकड्यांनी अंडी घालते. हजार-दोन हजार कामकरी मेल्या तर महिन्याभरात वसाहत सावरते. एकटी राहणारी रानमाशी साऱ्या जन्मात मोठ्या प्रयासाने दहा-वीस अंडी घालते. ती मोहोरावर मेली की त्या उतारावरचा तिचा वंश तेथेच थांबला. तेव्हा आमची मागणी बदलली पाहिजे. 'आम्हांला कळवा' एवढे पुरे नाही. 'मोहोर फुललेला असताना फवारू नका, अगदीच फवारावे लागले तर माश्या परतल्यावर संध्याकाळी फवारा', ही मागणी हवी. ती बागायतदाराच्याही हिताची आहे, कारण बी त्यालाच हवी आहे. आणि ती मागणी मधपाळाने केली तर ऐकली जाते. भुंगा काही बागायतदाराच्या पडवीत जाऊन बोलणार नाही.

दुसरी गोष्ट घरांची. एकट्या राहणाऱ्या बहुतेक रानमाश्या उघड्या, न खणलेल्या जमिनीत बिळे करतात. भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत राहतो. निळ्या पट्ट्यांच्या माशीला जुन्या घरांच्या चिऱ्यांमधली माती फार आवडते. सिमेंटचा गिलावा झाला की तिचे घर गेले. आमच्या पेडण्या-डिचोलीत हे सगळे झपाट्याने जात आहे. मोपाच्या सड्यावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. विमानतळ हवा की नको हा आजचा विषय नव्हे; परंतु जो सडा पावसाळ्यात तेरड्याने गुलाबी होत असे तो फुलांचा होता हे तरी आपण लक्षात ठेवावे. डिचोलीच्या खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या. हिरवे दिसते, पण त्या कोवळ्या खोडांत ढोली कोठून येणार? आणि हे सारे दुसऱ्याच्या माथी मारावे तर आम्हीही काजूच्या भाटात बी वेचणे सोपे जावे म्हणून खालचे सगळे झुडूप साफ करतो, पालापाचोळा पेटवितो, वठलेले झाड सरपणाला तोडतो. मीही केले. काजूचा मोहोर दोन-अडीच महिन्यांचा. बाकीचे महिने त्या माशीने खावे काय? कुळागरातले माड वर्षभर थोडेथोडे देतात, म्हणून पेटीचे कसेबसे भागते, आणि तेथेही कमी पडले तर मी पाक देतो. रानमाशीला पाक द्यावयास कोणी जात नाही.

मग मधपाळाने करावे तरी काय? मी मोठ्या योजना सांगत नाही. नवी पेटी हवी असेल तर रानात न जाता आपल्याच जोमदार वसाहतीचे फुलोऱ्यात विभाजन करावे. राणीघर लागले की अर्ध्या चौकटी दुसऱ्या पेटीत घालावयाच्या. पंधरवड्यात नवी राणी अंडी घालू लागते. याला थोडे कौशल्य लागते आणि त्या हंगामाचा मध थोडा कमी मिळतो, आणि खरी अडचण तीच आहे. एका उतारावर फुलांच्या मानाने पेट्या ठेवाव्यात. माझ्या उतारावर पूर्वी वीस होत्या, आज बारा आहेत, आणि दर पेटीमागचा मध कमी झालेला नाही, उलट थोडा वाढलाच. परप्रांतातून भरलेल्या पेट्या आणताना दहादा विचार करावा, कारण माशीबरोबर तिचे रोगही प्रवास करतात आणि फुलावरून ते रानातल्या माशीला जातात. इटालियन माशीने १९६० च्या दशकात हिमाचल-पंजाबात जम बसविला आणि तिकडे ती भरघोस मध देते, हे ऐकून आमच्याकडेही मोह पडतो. परंतु आमचा चार महिन्यांचा पाऊस आणि आमची सातेरी यांचा मेळ बसलेला आहे, तो मोडू नये. आणि भाटाच्या कडेचा एक पट्टा न साफ केलेला राहू द्यावा. माझ्या भाटात वठलेला एक आंबा मी तीन वर्षे तोडलेला नाही. शेजारी विचारतात, मी सांगतो, भाडेकरू आहेत. भुंगे आहेत.

गेल्या पावसाळ्यानंतर एक गोष्ट घडली ती सांगून थांबतो. मी फोडलेल्या त्या वारुळापासून थोड्या अंतरावर दुसरे एक वारूळ आहे. दसऱ्याच्या सुमारास त्याच्या तोंडाशी सातेरीची ये-जा दिसू लागली. चार दिवसांनी जवळच्या गावचा एक मुलगा माझ्याकडे आला. त्याला एका योजनेतून दोन रिकाम्या पेट्या मिळाल्या होत्या, आणि वारुळातली वसाहत काढून देण्यासाठी त्याला माझी मदत हवी होती. मी म्हटले, "बाबा, मोहोर येईपर्यंत थांब. माझ्या दोन वसाहती विभागून तुझ्या पेट्या भरून देतो, पैसे नको." तो म्हणाला, "काका, पण पेट्या भरल्याचे फोटो मला या महिनाअखेर पाठवावयाचे आहेत."

मी त्याला खूप समजावले. तो अर्धवट पटल्यासारखा झाला, आणि पेट्या माझ्याच पडवीत ठेवून गेला. त्या अजून तेथे आहेत. काजू यंदा थोडा उशिराने मोहरेल असे दिसते. मी रोज सकाळी वारुळाकडे एक फेरी मारतो.